मधली मेढ

"आखाडा मोडायची वेळ आलीच, तर पत्रे विक, दगड विक, आढंसुद्धा विक. पण मधली मेढ विकायची नाही, अनसूया. ती पंडितच्या दारात नेऊन द्यायची. कुणाच्या हाती पाठवायची नाही, आपण जायचं. ऐकलंस का?"

अण्णासाहेबांनी बायकोला हे सांगितलं तेव्हा ते परभणीच्या दवाखान्यात होते. नाकात नळी होती, दोन शब्द बोलले की धाप लागत होती. अनसूयाबाई उशाशी बसून वाती वळत होत्या. हातातली वात अर्धी ठेवून त्या म्हणाल्या होत्या, "ऐकलं. देईन." आठव्या दिवशी अण्णासाहेब गेले. त्याला आता सहा वर्षं झाली.

पालमच्या अंगाला शेतातल्या गोठ्याला आखाडा म्हणतात. अण्णासाहेबांची पालमच्या शाळेत मास्तरकी होती आणि गावापासून कोसभर शेत होतं. त्या शेतात हा आखाडा. दगडमातीच्या भिंती, वर पत्रे, पत्र्यांखाली लांबलचक आढं, आणि आढ्याचा सगळा भार मधोमध उभ्या असलेल्या एका मेढीवर. गारपिटीच्या वर्षी जुनी मेढ कडकन मोडली. खाली दोन बैल आणि नुकतीच व्यालेली गाय बांधलेली. छप्पर बसायलाच आलं होतं. पंडित तेव्हा आखाड्यावर सालगडी होता. तो तशा पावसात वस्तीकडं पळत गेला आणि स्वतःच्या दारातला कडुलिंब तोडला. तो लिंब त्याच्या आईनं लावलेला. म्हातारी उंबऱ्यात बसून बघत राहिली, त्या दिवशी तिनं भाकरीला हात लावला नाही म्हणतात. सांज व्हायच्या आत लिंबाचं खोड आढ्याखाली उभं राहिलं आणि जनावरं वाचली. तेव्हाच अण्णासाहेब सगळ्यांसमोर बोलले होते, "पंडित, ही मेढ तुझी. आखाडा असेल तोवर उसनी. मोडला की तुझ्या दारात परत."

आता पंडितचे पाय उचलत नव्हते. त्याची बायको सुलाबाई आठवडी बाजारात भेटली की दोन हात लांब उभी राहून सांगायची.

"काकू, त्येंचं एकच चालू हाय. मेढ आली का, मेढ आली का. आता दारात उन्हाला काय न्हाई. म्हणतेत, माझा जन्म त्या लिंबाखाली गेलाय, जाताना त्येचं खोड तरी दारात उभं दिसू दे. त्येच्यावर चार पत्रे टाकून बसन म्हणतेत."

"येईल हं, सुलाबाई. मी आहे ना," अनसूयाबाई म्हणायच्या.

त्यांचा आवाज असा होता की ऐकणाऱ्याला बरं वाटावं. उभ्या जन्मात त्या कुणाला वेडंवाकडं बोललेल्या नव्हत्या. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी, सगळे उपास चोख. तुळशीला अकरा फेऱ्या. आणि सगळ्यांत मोठा नेम मौनाचा. सकाळी उठल्यापासून पूजा होऊन पोथीचा अध्याय संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. एकोणीस वर्षं हा नेम कधी चुकला नव्हता. थोरली जाऊ वारल्याचा फोन आला तेव्हाही त्यांनी आधी अध्याय संपवला, मग रडल्या. बाहेर कुठं जायचं झालं तर स्वतःचा पितळी तांब्या पिशवीत. दुसऱ्याकडचं पाणी चालत नसे.

त्या नेमानंच घात केला.

मुकुल, त्यांचा एकुलता एक, एका सकाळी केयूर नावाच्या मित्राला घेऊन आला. केयूर परभणी रस्त्याला हुरडा पार्टीचं केंद्र काढत होता. शहरातली माणसं गाड्या घेऊन यायची, बाजेवर बसून हुरडा खायची, बैलगाडीत फोटो काढायची, असलं. त्यासाठी त्याला जुनं लाकूड, जुने दगड, जुने पत्रे हवे होते. नवे आणून जुने दाखवायला लय खर्च येतो म्हणे.

अनसूयाबाई देवघरात होत्या. दार उघडं होतं. मुकुल दारात येऊन म्हणाला, "आई, आखाडा गुत्त्यानं, एकरकमी देऊन टाकायलोय केयूरला. सगळा, मेढीसकट. पडायलाच आलाय तो. तुझं काही नाही ना?"

त्यांच्या हातात जास्वंदीचं फूल होतं. शब्द अगदी ओठांशी आला. पण पोथी अजून बांधलेलीच होती. त्यांनी मनात म्हटलं, अध्याय झाला की सांगू, एवढ्या वेळात कुठं आभाळ कोसळतंय. त्यांनी फूल देवाला वाहिलं आणि पोथीचं फडकं सोडलं.

अध्याय संपवून बाहेर आल्या तोवर विसाराचे पैसे घेऊन झाले होते आणि केयूरची गाडी गेली होती.

"मुकुल, मधली मेढ पंडितची आहे. अण्णांनी शब्द दिलाय. मीही दिलाय."

"मग मघाशी का नाही बोललीस?"

"मौन होतं."

"मी समोर उभा राहून विचारलं, आई. लिहून द्यायचं. पेन होता की तिथं."

मौनात लिहायचंही नाही, हे कलम अनसूयाबाईंनी स्वतःच घातलं होतं. कुठल्या पोथीत नव्हतं ते.

"आणि पंडितकाका करणार काय त्या लाकडाचं?" मुकुल म्हणाला. "घरकुल झालंय त्यांचं, स्लॅब पडलाय. चुलीत घालतील दुसऱ्या दिवशी. केयूरला तर मेढच पाहिजे. तिच्यावर गणपती कोरून घेणार, येणाऱ्याला दारातच दिसेल असा. बाकीचा आखाडा तो मेढीसाठीच घ्यायलाय. पंडितकाकांना मी एक चांगली खुर्ची घेऊन देतो. प्लास्टिकची नाही, फायबरची."

फायबरची खुर्ची ऐकून अनसूयाबाईंच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. त्या उठून आत गेल्या. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. उपास नव्हता, तरी.

मोडायच्या दिवशी त्या सकाळीच मुकुलच्या गाडीत जाऊन बसल्या. पूजा झाली होती, अध्याय राहिला होता. आल्यावर वाचू म्हणून मौन तसंच ठेवलं होतं. पिशवीत तांब्या होता. आपण तिथं जाऊन काय करणार आहोत, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. नुसतं उभं राहिलं तरी मुकुलला लाज वाटेल, असं काहीतरी मनात होतं.

आखाड्यात त्यांनी कित्येक वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. दारातच घाण वास अंगावर आला. वटवाघळांच्या लेंड्यांचा जमिनीवर थर बसला होता. उंदरांनी पोती कुरतडून त्यात पिलं घातली होती, गुलाबी, डोळे मिटलेली, वळवळणारी. फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, भिंतीवर माणसाच्या उंचीपर्यंत लाल पिचकाऱ्या. एका कोपऱ्यात कुणीतरी आडोसा बघून घाण करून गेलं होतं, तिच्यावर माश्या घोंगावत होत्या. अनसूयाबाईंनी पदर नाकाला लावला आणि बाहेर येऊन बाभळीखाली उभ्या राहिल्या. घरी गेल्यावर आधी आंघोळ, त्यांनी मनाशी ठरवलं.

"काकू! नमस्कार!" केयूर धावत आला आणि पाया पडला. पाया पडताना एका हातातला फोन वरच्यावर धरलेला होता, त्यात सगळं दिसत राहील असा. मग भिंतीजवळ जाऊन त्यानं नखानं माती खरवडली, नाकाशी नेली. "मुकुल, वास बघ रे! लोक या वासासाठी तीन-तीन तास गाडी चालवून येतील. ओ मिस्त्री, आढ्याला शेण लागलंय ना, ते काढू नका. शेणासकट पाहिजे."

पत्रे उतरवायला गावचा बजरंग मिस्त्री दोन माणसं घेऊन आला होता. वर बसून तो म्हणाला, "सायेब, शेणच पायजे असंल तर माझ्या घरी ताजं हाय. फुकट देतो. ओझं तेवढं तुमी उचला."

"ताजं नको हो. जुनं पाहिजे."

"मग ठिवा की चार दिस."

माणसं हसली. मुकुलही हसला. पत्रे एकेक करून खाली आले, आणि इतक्या वर्षांनी आखाड्यात वरून ऊन पडलं. मधली मेढ तेव्हा पहिल्यांदा नीट दिसली. काळपट, जाड, बुंध्याशी जनावरांच्या माना घासून घासून गुळगुळीत झालेली. केयूर तिच्याभोवती फिरून फोटो काढत होता.

बांधावरून सुलाबाई येताना दिसली. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, हातात काठी. ती जवळ आली आणि नेहमीसारखी दोन हातांवर थांबली.

"निरोप न्हाई दिला, काकू," ती म्हणाली. "बजरंगाच्या बायकूनं सांगितलं तवा कळलं. गाडी सांगून ठिवली व्हती मी."

अनसूयाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"मौन हाय का? बरं बरं. देवाचं चालू द्या. बसते मी."

आणि ती मागच्या भिंतीपाशी एका दगडावर जाऊन बसली. तो दगड तिचा होता. कामाच्या दिवसांत दुपारची भाकरी ती त्याच दगडावर खायची. केयूरनं तिला पाहिलं आणि टाळीच वाजवली.

"परफेक्ट! आजी, जरा उठा. हे सूप घ्या हातात. त्या मेढीपाशी उभं राहून पाखडा."

"सुपात काय हाय?"

"काही नाही. नुसती अॅक्टिंग."

"रिकामं सूप पाखडायला मी येडी हाय का बाबा?"

बजरंग वरून खदखदून हसला. केयूरही हसला, पण फोन खाली घेतला नाही. "आजी, चेहरा मस्त आहे तुमचा. एकदम खरा. दोन मिनिटं फक्त."

"खरा न्हाई तर काय खोटा आसंल? मी मेढीसाठी आलेय."

"कुठल्या?"

"ही काय, उभी हाय ती. माझ्या सासूचा लिंब हाय तो."

"मेढ तर आमची झाली, आजी. मुकुल, सांगितलं नाहीस?"

मुकुलला त्याच वेळी फोनमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं. तो मान वर करीना. सुलाबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि मग सावकाश अनसूयाबाईंकडं. नुसती बघत राहिली, माणूस बंद दाराकडं बघतं तशी.

बोलायचं ते आत्ताच. अनसूयाबाईंना ते कळत होतं. अध्याय राहिला होता, एकोणीस वर्षं होती, गळ्यात तुळशीची माळ होती. त्यांनी खाली पाहिलं. पायाशी मुंग्या उंदराचं एक पिलू ओढून नेत होत्या.

"ओ सायेब," मागच्या भिंतीकडून बजरंगचा माणूस ओरडला, "हितं कोनाड्यात कायतरी हाय."

तो कोनाडा भिंतीच्या बाहेरच्या अंगाला होता, हात पुरेल एवढ्या उंचीवर. जाळ्यांनी पार भरून गेलेला. त्या माणसानं पहारीच्या टोकानं जाळी काढली आणि आतून एक ॲल्युमिनियमचा पेला काढला. पोचे पडलेला, काठ वाकलेला, बुडाशी काळा.

"अरे वा!" केयूरनं तो हातात घेऊन फुंकला. "व्हिंटेज! आजी, याची काय गोष्ट?"

सुलाबाई दगडावरून उठली. तिनं पेल्याकडं पाहिलं.

"गोष्ट कसली. पाणी प्यायचा पेला हाय."

"कुणाचा?"

"कामावरच्या माणसाचा."

"म्हणजे सगळे यातूनच प्यायचे! मालक, गडी, सगळे एकाच पेल्यानं!" केयूरचे डोळे चमकले. "मुकुल, हे काचेच्या पेटीत ठेवतो मी. खाली पाटी. एक पेला, एक कुटुंब. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

"हो ना," मुकुल म्हणाला. "आमच्याकडं तसलं काही नव्हतंच कधी. पंडितकाका घरच्यासारखेच."

हे बोलताना त्याचे कान लाल झाले होते. अनसूयाबाईंनी ते पाहिलं. मुकुल तिसरीत असताना तहान लागली म्हणून एकदा याच पेल्यानं पाणी प्याला होता. तेव्हा त्याच्या आजीनं त्याला अंगणात उभं करून डोक्यावरून दोन घागरी ओतल्या आणि मगच घरात घेतलं. थंडीचे दिवस होते, पोरगं कुडकुडत होतं. पुसायला पंचा घेऊन अनसूयाबाईच उभ्या होत्या. तो विसरलेला नव्हता.

सुलाबाईनं काठी उचलली.

"जाते मी, काकू. त्यांला सांगते, मेढ गेली म्हणून. बरं झालं. वाट बघायचं तरी सरंल." दोन पावलं जाऊन ती केयूरकडं वळली. "पेला नीट घासून घी बाबा. तीस वर्सं मीच घासायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई, असा कायदाच व्हता."

ती बांधावरून चालत गेली. काठी टेकत, मागं न बघता.

अनसूयाबाईंना एकदम तो उन्हाळा आठवला. लग्न होऊन आलेलं पहिलं वर्ष, एकोणीस वय. सासूनं पेला हातात दिला होता आणि कोनाडा दाखवला होता. पण सासू जाऊनही पंचवीस वर्षं झाली होती. त्यानंतर पेला तिथं कुणी ठेवला? कुणी नाही. त्यांनी तो उचलला नाही, एवढंच. दुपारी त्या घरून कळशी घेऊन यायच्या, सुलाबाई पेला पुढं धरायची आणि त्या वरून धार सोडायच्या, शिंतोडा उलटा येऊ नये अशा बेतानं. आणि वर म्हणायच्या, "घे गं सुलाबाई, पोटभर पी. ऊन किती आहे." तो स्वतःचा गोड आवाज त्यांना आत्ता स्पष्ट ऐकू आला. त्याच आवाजात बाजारात म्हटलं होतं, मी आहे ना.

त्यांनी पदर नाकावरून काढला. वटवाघळांचा वास, कोपऱ्यातल्या घाणीचा वास, सगळा आत आला.

"तो पेला इकडं दे."

आवाज खरखरीत निघाला. बजरंगच्या हातातली पहार थांबली.

"आई!" मुकुल दचकून म्हणाला. "तुझं मौन..."

"दे म्हणते ना."

"काकू, हा आता सौद्यात आला," केयूर हसत म्हणाला. "भिंतीत जे निघेल ते..."

"तो माझा आहे."

"तुमचा?"

"मी ठेवला होता तिथं. सुलाबाईला आमच्या भांड्यानं पाणी द्यायचं नाही म्हणून. ती तिकडं दगडावर बसायची आणि मी वरून पाणी ओतायची. कुटुंब वगैरे काही नव्हतं. पाटी लावायचीच असेल तर हे लिहून लाव."

केयूरनं मुकुलकडं पाहिलं. "काकू, अहो तेव्हा सगळीकडंच तसं असायचं. तुम्ही मनाला नका लावून घेऊ. पण लोकांना असलं नको असतं हो. ते आराम करायला येतात."

"ठाऊक आहे. म्हणूनच देत नाही."

त्यांनी हात पुढं केला तो खाली घेतला नाही. शेवटी केयूरनं पेला त्यांच्या हातात ठेवला. ॲल्युमिनियमला उन्हाची ऊब आली होती. सासूनं दिला त्या दिवसानंतर तो त्यांच्या हाताला पहिल्यांदाच लागत होता.

"आणि मेढ जायची नाही," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं ने."

"मेढ नसेल तर मला हा कचरा काय करायचाय?" केयूरचं हसू आता गेलं. "मुकुल, हे काय चाललंय रे?"

"आई, विसार घेतलाय मी. शब्द दिलाय त्याला."

"अण्णांनी आधी दिला होता. मी माझं मौन मोडलं, तू तुझा शब्द मोड."

"सगळ्या माणसांसमोर तमाशा करायलीस तू. तुला कळतंय का काय बोललीस ते? उद्या गावभर होईल."

"गावभरच होतं की ते, मुकुल. माणसांसमोरच करत होतो आपण." मग त्यांनी नेहमीच्याच हळू आवाजात विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर आहे?"

सातबारा अनसूयाबाईंच्याच नावावर होता. ते सगळ्यांना माहीत होतं. केयूर आपला मोकळा टेम्पो घेऊन निघून गेला. जाताना त्यानं सूप तेवढं उचलून नेलं. मुकुल गाडीत बसला, काच खाली केली, म्हणाला, "येणार असशील तर चल. नाहीतर मी चाललो." अनसूयाबाई जागच्या हलल्या नाहीत. गाडीची धूळ बराच वेळ रस्त्यावर तरंगत राहिली.

बजरंग भिंतीवरून खाली उतरला. डोकं खाजवत म्हणाला, "आता आमी काय करावं, काकू?"

"मेढ काढायची."

"मेढ आदी काढली तर आढं डोस्क्यात पडंल. आदी आढं उतरवावं लागंल. दुपार व्हईल."

"होऊ दे. मी बसते."

आणि त्या मागच्या भिंतीपाशी गेल्या. दगड मोकळाच होता. त्यावर बसल्यावर कळलं की तिथं सावली भिंतीची पडत नाही आणि बाभळीचीही पोचत नाही. त्यांनी खाली वाकून मूठभर माती घेतली आणि पेला घासायला लागल्या. बुडाचा काळा थर निघता निघत नव्हता. बोटं झोंबायला लागली, नख मोडलं. मग तांब्यातलं पाणी घेऊन पेला धुतला. परत भरला. तोंडाशी नेला तेव्हा सगळी आंतडी नको नको म्हणाली. एवढी वर्षं शिकवलेली ओकारी होती ती, एका दिवसात जाणार नव्हती. त्यांनी डोळे मिटले आणि पाणी प्याल्या. काठाचा वाकलेला भाग ओठाला टोचला. सुलाबाईलाही टोचत असेल, रोज.

दुपार कलता कलता मेढ निघाली. दोन हात जमिनीत गाडलेली होती, तरी वाळवीनं तिला तोंड लावलेलं नव्हतं. बुंध्याचं टोक सारखं करायला बजरंगनं कुऱ्हाडीचा घाव घातला, आणि इतक्या वर्षांनीही आतून कडू, ओला लिंबाचा वास आला.

"जिती हाय की," बजरंग म्हणाला.

शेजारच्या दत्तरावांची बैलगाडी मागवली. चौघांनी मिळून मेढ गाडीत घातली, दोन्ही बाजूंनी दावी बांधली.

"पोचवतो मी, काकू. तुमाला फटफटीवर पालमला सोडायला सांगतो पोराला. सकाळपासून पोटात काय न्हाई तुमच्या."

"नाही. मला जायचंय."

"वस्तीत?" बजरंग थांबला. "चालत? बरं, पंडिताचं घर कोणतं, ठाव हाय का?"

अनसूयाबाईंना ते ठाऊक नव्हतं. तीस वर्षं माणसं रोज पहाटे कुठून येत होती आणि अंधार पडल्यावर कुठं जात होती, ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"विचारीन," त्या म्हणाल्या.

गाडी हलली. त्यांनी पेला आणि तांब्या दोन्ही पिशवीत घातले आणि पिशवी बाभळीच्या फांदीला अडकवली.

"काकू, पाणी ऱ्हायलं की हितंच. वाटंत कुठं न्हाई."

"असू दे. तिथं मिळेल."

चपला धुळीत रुतत होत्या. पुढं बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, मेढ गाडीच्या बाहेर हातभर आलेली होती. तिच्या टोकाला एक हात लावून अनसूयाबाई मागून चालू लागल्या.